दहा महिने अकरा दिवस

दाश्नोर गवंडी तसा शांत माणूस. पण त्या दिवशी ग्रीसमधल्या यानिना शहरात, वकीलबाईंच्या कचेरीत, त्याचा पारा असा चढला की बाहेर बाकावर बसलेली माणसंही दचकली.

"अहो, अकरा दिवसांसाठी माझं कार्ड अडवलं?"

"दहा महिने अकरा दिवस," स्तमातियाबाई म्हणाल्या. "पाच वर्षांत मिळून दहा महिन्यांच्या वर ग्रीसबाहेर राहायचं नसतं, मिस्त्री. तुम्ही राहिलात."

युरोपभर चालणारं हे कायमचं रहिवासी कार्ड हातात आलं असतं तर दाश्नोरला म्युनिकला राहून कमावण्याची वाट मोकळी झाली असती. तिथे त्याची लेक आर्ता जुळ्यांना सांभाळून मेटाकुटीला आली होती. नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. एका मुकादमानं दाश्नोरला काम द्यायचंही कबूल केलं होतं. साध्या परवान्यावर मात्र नव्वद दिवस पाहुण्यासारखं जायचं, नातवंडं खेळवायची आणि परत फिरायचं. कामाला हात लावायचा नाही. तीस वर्षं या लोकांच्या भिंती उभ्या केल्या, आणि आता म्हणे दिवस मोजून दाखव!

बरं, मोजायला दिवस दिले कुणी? यानेच! सीमेच्या नाक्यावर परवानेवाल्या अल्बानियन माणसाला शिपाई नुसत्या हातानं "जा, जा" करतो. बाकीचे गुपचूप जातात. हा पठ्ठ्या गाडीतून उतरून पासपोर्ट पुढे करायचा, "साहेब, शिक्का मारा." विशीत तो डोंगर उतरून चोरून आला होता, नऊ वेळा पकडून परत धाडला गेला होता. तेव्हापासून शिक्का म्हणजे त्याला अब्रू वाटायची. त्याच्या मेहुण्यानं दरवर्षी अख्खा उन्हाळा गावी काढला, त्याला कार्ड मिळालं. त्याच्या पासपोर्टात एकही शिक्का नव्हताच!

"आई पडली होती, खुब्याचं हाड मोडलं. चार महिने तिच्यापाशी होतो. मग काका गेले, त्यांच्या दुखवट्याचे चाळीस दिवस. तेही धरले?"

"सगळं धरतात. आता ऐका. ऑक्टोबरपर्यंत आईच्या त्या चार महिन्यांतले पहिले अकरा दिवस पाच वर्षांच्या मागे पडतील, मग नवा अर्ज करू. तोवर सीमेपलीकडे पाय टाकायचा नाही. एक दिवससुद्धा नाही."

घरी बायको व्योल्सानं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "मागून मागून घेतलेत ना शिक्के? बसा आता ते चाटत!" मग जरा निवळून म्हणाली, "सातच महिने आहेत. निघून जातील. गावाकडे फिरकू नका म्हणजे झालं."

गाव सीमेपलीकडे अल्बानियात, दीड तासावर. तिथून संध्याकाळी आईचा फोन आला.

"रविवारी येतोयस ना रे? चार पावलं टाकली की दम लागतो. डॉक्टर म्हणतो, हृदय थकलंय."

"आई, कागदांची भानगड झालीय," दाश्नोर चाचरत म्हणाला. "ऑक्टोबरपर्यंत मला येता यायचं नाही."

"नाही आलास तर आर्ताकडे राहायला मिळेल?"

"हो."



"बरं बाळा," आई म्हणाली. "थांबते मग मी ऑक्टोबरपर्यंत."