चैत्रातली वाटी

आज वर्गात मी मुलांना शिकवलं, की दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना कधी शिवत नाहीत. पहिला प्रकाशाचा कण देतो, दुसरा तो घेतो आणि या देवघेवीलाच आपण बल म्हणतो.

घरी आले, तर ओट्यावर शेजारच्या काकूंची वाटी. चैत्रात त्यांनी आंब्याची डाळ दिली होती. रिकामी वाटी कशी परत करायची, काहीतरी छान करून देऊ, असं म्हणता म्हणता श्रावण आला. आता जिन्यात काकू दिसल्या, की मी ओशाळून नजर चुकवते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काकूच.

"काकू, वाटी राहिलीय. काहीतरी करून..." मी पुटपुटले.

"अगं, चिमूटभर साखर घालून आणायचीस. तेवढंच आपलं येणं-जाणं."

माझी मान वर होईना. प्रकाशाच्या त्या कणाला वजनच नसतं, हे सकाळी मीच फळ्यावर लिहिलं होतं.