बंद पडला तर कोण रडंल?

माझ्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या दिरांइतका फलकांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. फलक म्हणजे दुकानांत भाव नि जाहिराती दाखवणारे, टीव्हीसारखे डिजिटल फलक. पाचोडच्या मेंढपाळ घरातले हे अण्णा, शहर पसरायला लागलं तसे इकडं आले आणि हे फलक बसवू लागले. आजारी कोकराला चाचपावं तसा ते फलकाच्या पाठीला उलटा हात लावत आणि गंभीरपणे सांगत, "याला ताप हाय." गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बंद पडला तर कोण रडंल?" क्रांती चौकातला मिठाईवाला हसून म्हणाला, "कौन रोता, अण्णा? लोगां बर्फी खाने को आते." त्याला त्यांनी आतच कॉम्प्युटर असलेला फलक दिला. एक वायर जोडली की काम संपलं. पण रडणारं कुणी असेल, तर फलकाचा मेंदू बाहेर, वेगळ्या डब्यातच हवा, यावर ते हटून बसत. "डबा मेला तर डबा बदलू. आतला मेला तर आख्खा फलक दवाखान्यात."

त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या नव्या कॉलनीला टँकरचाच आधार होता. कुठल्या गल्लीत टँकर कधी येणार, हे दाखवायला गेटवर फलक लावायचं ठरलं. कॉलनीच्या अध्यक्षांना सुटसुटीत, बिनडब्याचा हवा होता. अण्णांनी सभेत आपला प्रश्न टाकला, तसे सगळे हसले. मागून शेवटच्या गल्लीतल्या आजी उठल्या. "मी रडंन बाबा. घागर घेऊन उन्हात कितीदा चकरा मारू?" अध्यक्षांनी डब्याला होकार दिला. डबा वॉचमनच्या खोलीत, सावलीला बसला.

मे महिन्यात एका दुपारी फलक काळा पडला. अण्णा पाचोडला लग्नात होते. फोन जाताच अक्षता टाकून, न जेवता, मिळेल त्या एसटीनं आले. जादाचा डबा पिशवीत होताच; तो ते लग्नातसुद्धा सोबत नेत. दहा मिनिटांत फलक उजळला : शेवटची गल्ली, पाच वाजता. आजींनी पाणी विचारलं, तर म्हणाले, "टँकर येऊ द्या आधी. मग लई पितो." आणि खरंच, टँकर येईपर्यंत ते पायरीवर बसून राहिले.

पुढं पाऊस बरा झाला, नळाला पाणी आलं. फलकावर आता वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकतात आणि अण्णांना बोलवायला निमित्त उरलेलं नाही. परवा मीच फोन लावला.

"बिघडलं का काय?" त्यांनी घाईनं विचारलं.

"नाही हो अण्णा, सहजच केला."

ते हळूच म्हणाले, "असा सहज बी करत जा की."