साळवेसर गायचे थांबले

साळवेसर गेले त्याला महिना झाला. मी कुकर लावत होते आणि खालच्या गुजराती शेजाऱ्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "भाभी, साळवेसर गया..." गॅस बंद केला आणि तिथेच, ओट्याला टेकून खाली बसले.

सर मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. इथे सुरतेत, आमच्या गोडादऱ्यातल्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. बायको लवकर गेली, मुलगी रूथ नर्स होऊन इंग्लंडला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पेटी गळ्यात अडकवून ते सोसायटीतल्या प्रत्येक दारात उभे राहायचे आणि येशूजन्माचं गाणं म्हणायचे, थेट आपल्या भजनाच्या चालीवर. आवाज म्हणाल तर फाटका! पण आमच्या खानदेशी बाया घरातले टाळ काढून साथ करायच्या. मी चेष्टा करायचे, "सर, तुमच्या आवाजानं देव जन्मतो की पळतो हो?" ते म्हणायचे, "वहिनी, तो गोठ्यात जन्मला. त्याला सवय आहे."

मग एका वर्षी आसपासच्या गावांतून प्रार्थनाघरांवर दगड पडल्याच्या बातम्या यायला लागल्या. आमच्या सोसायटीत कुणी चकार शब्द काढला नव्हता, देवाशपथ सांगते. मीच मेली अतिशहाणी! त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "सर, यंदा घरातच म्हणा. वातावरण बरं नाही." ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर..." त्या वर्षी ते आले नाहीत. पुढच्या वर्षी मी स्वतः बोलवायला गेले, तरी नाहीत. घरातूनही कधी सूर ऐकू आला नाही.

निवृत्तीनंतर रूथकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. "तो चर्चचाच देश, वहिनी. मोकळ्या गळ्यानं गाईन." पासपोर्टही आला. आणि पाठोपाठ रूथचं पत्र. एका म्हाताऱ्या पेशंटच्या उशाशी तिनं प्रार्थना म्हटली होती. कुणीतरी तक्रार केली. वरिष्ठांनी लेखी ताकीद दिली, अगदी गोड शब्दांत, की पुन्हा असं झालं तर नोकरी राहणार नाही. मी म्हटलं, "अहो, कामावरची शिस्त असते ती. याला काय छळ म्हणायचं?"

"छळ कुठे म्हणतोय मी? छळ झाला तर माणूस भांडतो तरी. हे नुसतं गप्प बसा म्हणणं... तेही काळजीनं."

ते खिडकीबाहेर बघत बोलले, पण मला लागायचं ते लागलं. घरोघरी मातीच्या चुली हे मी हजारदा म्हटलंय. त्या दिवशी तोंडाशी आलं आणि गिळलं. ते गेलेच नाहीत इंग्लंडला. जावं असं ठिकाणच उरलं नव्हतं त्यांना.

रूथ आली, सरांना माती दिली. परत निघायच्या दिवशी माझ्याकडे चहाला बसली होती. म्हणाली, "मावशी, दर नाताळाला बाबांचं पत्र यायचं, यंदाही सगळ्या दारांत गाऊन आलो म्हणून. तिथे मी तोंड मिटून दिवस काढले ते त्याच्याच जोरावर. एवढ्या वर्षांत कुणी अडवलं नाही ना त्यांना?"

"नाही गं," मी म्हटलं. "कोण अडवणार?"