खालचे पाच ठिपके

माझ्या प्रबंधातल्या एका आलेखावर खालच्या टोकाला पाच ठिपके आहेत. ते पुसले असते तर एव्हाना माझ्या नावामागे डॉक्टर लागलं असतं. मी पुसले नाहीत.

सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, घर सांभाळत मी चाळिशीनंतर संशोधनाला लागले. विषय तांब्याचा. तारेतून धावणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची एक दिशा असते, तिला स्पिन म्हणतात. लोखंडाच्या पट्टीतून तांब्याच्या तारेत एकाच दिशेचे इलेक्ट्रॉन सोडायचे आणि ती दिशा ते किती अंतर टिकवतात हे मोजायचं, एवढंच काम. तांबं थंड केलं की त्यातली थरथर कमी होते, म्हणून दिशा जास्त टिकायला हवी. पुण्याच्या प्रयोगशाळेत मोजलं, तशी ती टिकतही गेली. तीस केल्विनच्या, म्हणजे उणे दोनशे त्रेचाळीस अंशांच्या, खालच्या पाच मोजमापांत मात्र उलटी घसरली.

मार्गदर्शक म्हणाले, "यंत्राचा दोष. खालचे पाच काढून टाका, दिवाळीच्या आत प्रबंधावर सही करतो."

मी पुन्हा मोजलं. पुन्हा घसरण. मग तार कशी बनवली ते तपासलं. लोखंड आणि तांबं एकाच कक्षात वाफ करून बसवलं होतं, त्यात लोखंडाचे थोडे अणू तांब्यात शिरले असणार. दुसरी तार वेगळ्या, स्वच्छ कक्षात केली. तिच्यात घसरण जवळजवळ नव्हती. यंत्र तेच होतं.

बेंदराला, बैलांच्या सणाला, कडेगावला सासरी गेले. फौजेतून निवृत्त झालेले धाकटे दीर पोळी मोडत म्हणाले, "आवं वहिनी, एवढ्याशा लोखंडानं काय हुतंय?"

"तुमची पलटण एका तोंडानं चाललीय. मधी एक परका गडी घुसलाय. जो त्याला घासून जाईल त्याचं तोंड फिरतंय."

"गर्दीत कोण बघतंय त्येला?"

"गर्दीत न्हाईच दिसत. थंडीत बाकीची ढकलाढकल थांबली की त्याचंच चालतंय."

"मग हाकला की भायेर!"

"हाकलायचं न्हाई, भाऊजी. नुसतं हजेरीतनं नाव खोडायचं, असं सायबांचं म्हणणं हाय."

"आन् गडी आतच?"

"आतच."

"आरं तिच्या! आमच्यात असल्या हजेरीला कोर्ट मार्शल हाय."

सासूबाईंनी मुद्द्याचं विचारलं, "सही न्हाई दिली म्हंजे गं?"

"एवढ्या वर्षांचं काम अडकून पडंल."

"आन् तरी पुसणार न्हाईस?"

"न्हाई."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

सांगलीला परतल्यावर दोन्ही तारांचे आलेख शेजारी शेजारी छापले, पाच ठिपके लाल केले आणि मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवले.

"हट्ट महागात पडेल, मॅडम."

"सर, दुसऱ्या तारेत चूक दाखवा. पाचही मी स्वतः पुसते."

दिवाळी होऊन गेली. त्यांना चूक सापडलेली नाही, मला सही मिळालेली नाही. ठिपके जिथे मोजले तिथेच आहेत.