उन्हातले पाच मंगळवार

मी देवीशी भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. हातात ओटी होती, पण मनात शिव्या होत्या. भांडणाचं कारण माझ्या तोंडावर होतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर तपकिरी डाग उठले. त्याला वांग म्हणतात, आणि म्हणताना आमच्याकडे कुणी जीभ आवरत नाही. माले गावात आमची थोडी भातशेती आहे, शिवाय मी सकाळी उरवड्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या करते. निम्मा दिवस तव्यापुढे, निम्मा उन्हात. गावच्या जत्रेत देवीच्या पालखीपुढे पाण्याचा कलश घेऊन चालायचा मान आमच्या घरातल्या सुनेचा. लग्न झाल्यापासून तो मीच धरत होते. त्या वर्षी सासऱ्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, चार बायकांसमोर मला म्हणाल्या, "तोंडावर देवीचा कोप घिऊन देवीफुडं चालतीस व्हय?" कलश धाकट्या जावेच्या हातात गेला. सासूबाई गप्प. नवरा तसा कायमच गप्प असतो, पण त्याचं त्या दिवशीचं गप्प बसणं मी अजून विसरलेले नाही.

मला तो कलश परत हवा होता, दुसरं काही नको. घोटावड्याच्या एका पार्लरवालीनं ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की कँटीनमधल्या बायका नाव विचारू लागल्या. लावायची थांबवली की डाग दुप्पट होऊन परत. मग पुन्हा ट्यूब. असे आठ महिने गेले; मधे आलेल्या जत्रेतही कलश जावेकडेच राहिला. गाल पातळ आणि लालभडक झाले, तव्यापुढे उभं राहिलं की आग आग व्हायची, हनुवटीवर लव वाढली. पार्लरवालीकडे गेले तर ती म्हणाली, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे. म्हणजे चूक माझ्या कातड्याची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तेव्हा मी नवस बोलले. पाच मंगळवार, भर दुपारी, अनवाणी, डोक्यावर पदर न घेता देवीच्या टेकडीवर जायचं. पदर न घेण्याचं माझं मीच ठरवलं होतं. जिचा कोप म्हणतात तिला तोंड नीट दिसू दे, असं मला वाटलं. टेकडीच्या वाटेवर झाड नाही. दर मंगळवारी तापलेल्या खडकावरून चढायचे, आणि दर बुधवारी आरशात डाग आदल्या दिवशीपेक्षा काळे दिसायचे. पाचव्या मंगळवारी मी ठरवूनच गेले, की आज विचारायचं. तुझ्यासाठी पाय भाजून घेतले, आणि तू काय दिलंस?

गाभाऱ्यापुढे पडदा ओढलेला होता. गुरवाची म्हातारी विधवा तिथली पूजा करते. तिनं सांगितलं, की पहाटे देवीनं कवच सोडलंय. वर्षानुवर्षं लावलेल्या शेंदराचा जाड थर कधीतरी आपोआप सुटून येतो, त्याला कवच म्हणतात. संध्याकाळी गावातली जाणती माणसं ते धरणाच्या पाण्यात सोडणार आणि देवीला नवा शेंदूर लागणार, तोवर पडदा. मी तिथेच पायरीवर बसून रडायला लागले. म्हातारीनं माझ्या गालांवरचे डाग पाहिले, मग हातात तांब्या दिला आणि म्हणाली, न्हाऊ घालायला पाणी वत.

पडद्याआड मी देवीचा उघडा चेहरा पाहिला. काळा दगड, आणि दोन्ही गालांवर तांबूस डाग. मी पाणी ओतायची थांबले. म्हातारी म्हणाली, पहिल्यापासून आहेत, आपल्या सासूनंही पाहिले होते. दगडाचा गुण असेल, मला माहीत नाही. मी विचारायला आलेलं सगळं विसरून गेले, एवढंच मला माहीत आहे.

बाहेर आल्यावर तिनं मला झापलं. "ऊन देवीला लागत न्हाई, बये, तुला लागतं. तिनं कवा सांगितलं उन्हात ये म्हणून?" स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढून तिनं माझ्या डोक्यावरून तोंडाभोवती गुंडाळला. तिच्या लेकीलाही असंच झालं होतं. सरकारी दवाखान्यात कातडीची डॉक्टरीण कोणत्या वारी बसते ते तिला पाठ होतं.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा जास्त चिडल्या. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, आणि ते न विचारता महिनोन्‌महिने लावायचं औषध नव्हे. त्यांनी समजावलं, की वांग गरोदरपणात, बाळंतपणानं उठतो, काहींना पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी, आणि ऊन व धग त्याला पोसतात. ट्यूब बंद केल्यावर थोडे दिवस चेहरा पेटेल, त्यासाठी त्यांनी दुसरं मलम दिलं. रोज सकाळी सनस्क्रीन, दुपारी पुन्हा, तोंड झाकायचं, तव्यापासून लांब उभं राहायचं. महिने लागतील, पुसट होईल, परतही येईल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. खोटी आशा न दाखवणारं माणूस मला त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच भेटलं.

पुढच्या जत्रेपर्यंत माझे डाग फिके झाले होते, गेले नव्हते. धाकट्या जावेला सातवा महिना होता आणि तिच्या गालांवर तपकिरी सावली धरली होती. ती पदरात तोंड लपवून कलशापाशी उभी होती. आत्याबाईंनी पाहिलंच. हिलाबी कोप झाला, असं त्या म्हणायला लागल्या, तेव्हा माझा तोल सुटला.

"देवीच्याच गालावर हायेत," मी म्हणाले. "तिच्यावर कुणाचा कोप झाला, आत्याबाई?"

आत्याबाईंनी गुरवाच्या म्हातारीकडे पाहिलं. तिनं हातातली घंटा खाली ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "हायेत. कवच सुटलं तवा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात."

सासूबाईंनी कलश उचलून माझ्यापुढे धरला. दोन वर्षं ज्याच्यासाठी जळत होते तो. मी तो जावेच्याच हातात दिला, पिशवीतली सनस्क्रीन काढून तिच्या गालांना लावली आणि म्हातारीचा पंचा तिच्या डोक्यावर घातला. मग तिच्या शेजारून चालले.

आता मी मंगळवारी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत टेकडीवर जाते. काही मागत नाही. शेंदराखाली तिचे डाग आहेत, हे मला ठाऊक आहे, आणि माझे तिला. त्या दिवशी तिनं मला आत बोलावलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. आत्याबाईंवरचा राग मात्र अजून गेलेला नाही. तोही मी तिच्याच पायाशी ठेवलाय, तिला वाटेल तेव्हा ती उचलेल.