धर्माजीच्या डाव्या अंगठ्याची बॅटिंग

आमच्या शेजारचा धर्माजी ट्रेलर चालवायचा. उरणच्या बंदरातून कंटेनर उचलायचा आणि घाट चढून पुण्याकडे न्यायचा. रविवारी मात्र गाडीला हात लावत नसे. त्या दिवशी टेनिस बॉलचे सामने. चार षटकांच्या खेळात बॉल सोडणं म्हणजे गुन्हाच. बाहेरचा असो की डोक्यावरचा, धर्माजी दिसेल त्याला हाणायचा. मी अंपायर म्हणून उभा असे आणि माझी अर्धी दुपार खाडीकाठच्या खाजणात, चिखलात बॉल शोधण्यात जाई.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण डावा हात रुसून बसला. ट्रेलरचा गिअर डाव्या हाताचा. गाडी गेली तर आपण घरात बसून काय उरतो, हीच त्याला धास्ती. तरी डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने खिडकीबाहेर फेकला. चेंडू काय दाबायची वस्तू आहे?

मग मुलगी जागृतीने कुणाकडून तरी जुना व्हिडिओ गेम आणला. त्यात क्रिकेट नव्हतं, बेसबॉल होतं. डाव्या अंगठ्याने रिमोटवरची छोटी दांडी सरकवून पडद्यावरचा नेम धरायचा गोल जिथे बॉल येईल तिथे न्यायचा आणि उजव्या हाताने बटण दाबून फटका मारायचा. आमचा गडी बॉल सुटण्याआधीच दांडी कोपऱ्यात रेटून बसे आणि प्रत्येक बॉलवर बटण ठोके. सारखा आऊट.

"बाबा, गोल मधीच ठेव," जागृती म्हणायची. "बॉल हातातून सुटू दे, मग अंगठा हलका सरकव. बाहेरचा हाय तो सोड. असे चार सोडलेस तर फुकट पुढं जायला मिलतं."

"फुकटचं कोन घेतंय?" धर्माजी गुरकावायचा.

पण शिकला. अंगठा हलका झाला, बाहेरचे बॉल सुटू लागले, आतले कुंपणापार जाऊ लागले. त्याचा आरडाओरडा पुन्हा माझ्या ओटीपर्यंत ऐकू येऊ लागला आणि मला फार बरं वाटलं.

एका शनिवारी मी त्यांच्या घरी बसलो असताना त्याने जाहीर केलं, "सोमवारी मी गारीवर जानार. मालकाशी बोललोय." त्याची बायको नलू देवापुढे साखर ठेवायला धावली. जागृती मात्र मला बाहेर घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, बॉलचा स्पीड मी कमी केलाय. पहिल्यापासून. त्याचं पडलेलं तोंड बघवत नव्हतं."

मी भडकलोच. "शहाणे, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग त्याला!"

आम्ही आत गेलो आणि तिने सांगितलं. धर्माजीने रिमोट पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "खरा कर."

तिने वेग वाढवला. बॉल आला आणि गेला. अंगठा वाटेतच होता. पुन्हा आला, पुन्हा गेला. प्रत्येक फटक्यानंतर पडद्यावर उशीर झाल्याची खूण येत होती. नलू दारात उभी होती, हातात साखरेची वाटी तशीच. तिथून उठून जावं असं मला फार वाटलं, पण उठवेना.

"रागावलास?" जागृतीने विचारलं.

"रागावू कशाला? तू माझ्यासाठीच केलंस." त्याने डावी मूठ वळवून पाहिली. ती पुरती वळली नाही. "पन पोरी, हितं तू बॉल हळू केलास. घाटात म्होरची गारी कोन हळू करील?"

त्याने स्वतःच मालकाला फोन लावला. "शेठ, गारी दुसऱ्याला द्या. यार्डात बसून करायचं काय काम आसल तर सांगा." पलीकडून शेठ काय म्हणाले, कुणास ठाऊक. धर्माजी "बरं, बरं" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्याने मनावर घेतलं नाही.

जागृती वेग पुन्हा कमी करायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आसाच टाक."

पुढचा बॉलही हुकला.