जावेचा केशरी घाम

माझ्या धाकट्या जावेचा घाम केशरी होता. घरातलं धुणं माझ्याकडे असायचं, त्यामुळे हे सगळ्यांच्या आधी मला दिसलं. तिच्या फिकट ब्लाऊजांना काखेत आणि गळ्यापाशी डाग पडायचे. घासले की फिके व्हायचे, पण जायचे नाहीत.

आमचं घर म्हशीवाल्यांचं. कोल्हापुरात अजून लोक कट्ट्यावर उभे राहून, समोर पिळलेलं दूध तिथल्या तिथे पितात. सकाळ-संध्याकाळ पुरुष म्हशी घेऊन तिकडे जायचे. उरलेल्या दुधाचं दही-लोणी आम्ही बायका करायचो. जाऊ चंदगडकडची, अबोल, कामाला वाघ. ती आल्यावर वर्षभरात सासूबाईंनी घुसळण तिच्याकडे दिली. तोवर ते काम माझ्याकडे होतं.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून त्यांना मिरवतात. डाग पहिल्यांदा दिसले ते त्याच सुमाराला. मी विचारलं तर म्हणाली, "शिंगाचा रंग लागलाय, आक्का." संक्रांत झाली, शिंगांवरचा रंग केव्हाच उडाला, डाग मात्र नवे पडतच होते.

मला कारण माहीत होतं. मी दहावीत असताना माझ्या वडिलांना टीबी झाला होता आणि त्यांच्या बनियनी मीच धुवायचे. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "घाबरू नगं पोरी, गोळीचा रंग हाय. लघवीला येतो, घामाला येतो. रंग दिसतोय तोवर गोळी पोटात जातीय म्हणायचं." सहा महिन्यांत वडील बरे झाले. माझ्या लग्नात ही गोष्ट आम्ही लपवली. जावेचे वडील दर महिन्याला एसटीने काजूची पिशवी घेऊन यायचे. एकदा ती त्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तळाची गोळ्यांची पाकिटं काढताना मला दिसली. म्हणजे तिच्या माहेरच्यांनीही तेच केलं होतं.

तिला बाजूला घेऊन "मला कळलंय, सोडू नको" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

मी म्हणाले ते वेगळंच. शिमगा जवळ आला होता, ऊन तापायला लागलं होतं. शेजारणी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. जाऊ ताक घेऊन आली, काखा भिजलेल्या.

"काय गं," मी म्हणाले, "घाम हाय का केशरी भात?"

बायका हसत सुटल्या. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या घरात मी इतकी वर्षं काढली, पण माझ्या बोलण्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

मग ज्याची त्याची कारणं सुरू झाली.

"उष्णता हाय अंगात. गुलकंद द्या तिला."

"कापड हलक्यातलं असंल, रंग सोडतंय."

"गाजरं लई खाती काय गं?"

"असंल की," जाऊ म्हणाली आणि तीही हसली. पेले देताना तिने दोन्ही कोपरं अंगाला घट्ट धरली होती.

त्यानंतर मी रोज बोलायला लागले. बासुंदीला केशर आणू नका, घरातच हाय. हिला उन्हात बसवा, जिलेबी हुतीया. आपलं माहेर उघडं पडू नये म्हणून टीबीचं नाव काढत नाही, असं मी मनाशी म्हणायचे. खोटं होतं ते. मला मजा येत होती. मी तोंड उघडलं की बायका आधीच हसायला लागायच्या, आणि ते मला हवं होतं.

एकदा त्या भरात मी सासूबाईंना म्हणाले, "आत्ती, घुसळताना लोण्यात पडत नसंल न्हवं?"

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"हे जाईस्तवर दुधाला हात लावायचा न्हाय," त्या तिला म्हणाल्या. "गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर कट्ट्यावर कुत्रं उभं ऱ्हायचं न्हाय." मग माझ्याकडे न बघताच, "उद्यापास्नं तू घुसळ."

माझा दीर त्या दिवसापासून बाहेर सोप्यात झोपायला लागला.

दहा-बारा दिवसांनी धुताना तिचा ब्लाऊज मी उलटा करून उन्हात धरला. काखेत काही नव्हतं. दुसरा बघितला, तोही स्वच्छ. त्याच संध्याकाळी उकिरड्यावर शेण टाकायला गेले तर कडेला गोळ्यांची पाकिटं पडली होती. एकही गोळी फोडलेली नव्हती. मी उभी राहिले. मग खोऱ्याने शेण ओढून ती झाकली.

"गुलकंद लागू पडला बघ," सासूबाई म्हणाल्या आणि घुसळण परत तिच्याकडे दिली. मला काय मिळालं म्हणाल, तर घुसळणीचे ते पंधरा दिवस.

आषाढात ती खोकायला लागली. श्रावणात थुंकीत रक्त आलं, तेव्हा दिराने तिला माहेरी पोचवलं आणि परत आणलं नाही. तिच्या वडिलांनी तिला सरकारी दवाखान्यात दाखवलं. औषध मध्येच सुटल्यामुळे रोग मुरलाय, पहिल्या गोळ्यांना आता तो दाद देत नाही, असं डॉक्टर त्यांना म्हणाले. दुसरं औषध सुरू झालं. ते तिला सोसेना.

पुढच्या वर्षी मी एकदाच भेटायला गेले, घरातून कुणीतरी जायला हवं म्हणून. खाटेवर ती एवढीशी झाली होती. वडील चहा आणायला गेले, तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"आक्का, तुमास्नी एकलीलाच सांगती. चूक माझीच हाय. मी गोळ्या टाकून दिल्या हुत्या."

"कसल्या गोळ्या गं?" मी विचारलं.

मग तिने मला सगळं सांगितलं. दसऱ्याला माहेरी गेल्यावर रोग कसा कळला, सासरी कळू देऊ नको म्हणून वडील कसे हातापाया पडले, कुठली गोळी कधी घ्यायची. दोन शब्द बोलायची, दम घ्यायची. "त्या गोळीचा रंग घामाला येतोय, आक्का," ती म्हणाली. "तुमास्नी ठावं नसंल." मला नीट समजावं म्हणून तिने ते पुन्हा एकदा सांगितलं.

"अगं बाई," मी म्हणाले. "असं असतंय व्हय?"

त्यानंतर ती तीन आठवडे होती.